मोटारीचीं ज्ञानेंद्रियें

यंत्रयुगाविषयीं आपल्यांत एक तक्रार नेहमीं ऐकूं येते. पूर्वींचीं यंत्रें साधीं होतीं. बिघडलीं तर घरचा मनुष्य पाना-पक्कड घेऊन बसे आणि दुपार टळण्यापूर्वीं तीं पुन्हां चालूं करी. आतां यंत्राच्या पोटांत वीज शिरली, विजेमागून गणकयंत्र शिरलें आणि मालक आपल्याच वस्तूपुढें परका झाला, असें म्हणतात. ही तक्रार अगदींच निराधार नाहीं. परंतु ती जितक्या सरसकट केली जाते तितकी ती खरीहि नाहीं, असें आम्हांस वाटतें. मालकाच्या हातून यंत्र निसटलें केव्हां आणि कशामुळें, हें पाहावयाचें तर तक्रार क्षणभर बाजूस ठेवून इतिहासाकडे वळलें पाहिजे. त्यासाठीं आम्ही एक लहानसाच विषय निवडला आहे. जुन्या स्पोर्ट्स मोटारीच्या इंजिनावरील सेन्सर घरच्या घरीं बदलणें, हा तो विषय होय.

विषय ऐकून कांहीं वाचक हंसतील. ज्यांच्या दारीं मोटार नाहीं त्यांस तो परका वाटेल. ज्यांच्या दारीं ती आहे ते तिची दुरुस्ती दुसऱ्याकडे सोंपवून मोकळे होतात. पण ह्या क्षुल्लक दिसणाऱ्या कामांत दीडशें-दोनशें वर्षांचें पदार्थविज्ञान, एका मोठ्या शहराची विषारी झालेली हवा आणि मालकी म्हणजे काय हा अद्यापि न सुटलेला प्रश्न, अशा तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत.

पेट्रोलच्या इंजिनास दोन गोष्टी अचूक कळाव्या लागतात. ठिणगी केव्हां टाकावी ही पहिली, आणि हवेच्या प्रमाणांत पेट्रोल किती द्यावें ही दुसरी. पिस्टन वर चढत असतां हवा व पेट्रोल ह्यांचें मिश्रण दाबलें जातें. तो टोंकास पोहोंचण्याच्या किंचित् आधीं ठिणगी पडावी लागते, कारण ज्वाळा पसरण्यास थोडा अवकाश हवा असतो. इंजिनाचा वेग वाढला कीं ती आणखी आधीं पडावी लागते. पेट्रोलचेंहि तसेंच आहे. एक भाग पेट्रोल पूर्णपणें जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. पण इंजिन थंड असतां पेट्रोल अधिक द्यावें लागतें, आणि तें तापलें कीं हात आंखडावा लागतो. म्हणजे वेग, पिस्टनचें स्थान, हवा आणि उष्णतामान ह्यांची वार्ता इंजिनास क्षणोक्षणीं कोणींतरी दिली पाहिजे.

आरंभींच्या मोटारींत ही वार्ता देण्याचें काम चालविणाराच करी. कार्ल बेंझ ह्यांनीं १८८६ च्या जानेवारींत आपल्या तीनचाकी गाडीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. पुढें १८८८ च्या ऑगस्टमध्यें त्यांच्या पत्नी बर्था बेंझ आपल्या दोन मुलांस बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत तशाच गाडींतून गेल्या. अंतर सुमारें शंभर किलोमीटरांचें. वाटेंत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनीं टोपीच्या टांचणीनें मोकळी केली. ठिणगीच्या तारेवरचें वेष्टन गेलें, तेथें मोज्याचा बंद गुंडाळून काम भागविलें. इंधन संपलें, तें वीस्लोख गांवच्या औषधांच्या दुकानांतून घेतलें. मोटारीचा हा पहिला लांबचा प्रवास मोटारीच्या घरगुती दुरुस्तीचाहि आरंभ ठरला. आणि ती दुरुस्ती कारखान्यांतील कारागिरानें नव्हे, तर घरच्या स्त्रीनें केली, हें विसरतां कामा नये.

वीस वर्षांनीं, १९०८ सालीं, फोर्डची मॉडेल टी गाडी आली. तिच्या सुकाणूखालीं दोन दांड्या असत. एकीनें इंजिनास पेट्रोल-हवेचा पुरवठा कमीजास्त होई. दुसरीनें ठिणगीची वेळ मागें-पुढें करतां येई. ठिणगीची दांडी योग्य ठिकाणीं न ठेवतां पुढचें हँडल फिरविलें तर इंजिन उलटा झटका देई आणि प्रसंगीं मनगटाचें हाड मोडे. चढावर इंजिन ठोके देऊं लागलें कीं चालकानें तें ऐकून दांडी हलवावी, असा रिवाज होता. तेव्हां मोटारीला ज्ञानेंद्रियें होतीं. पण तीं मोटारीच्या अंगावर नसून चालविणाऱ्याच्या अंगावर होतीं. त्याचे कान, नाक आणि तळहात हेच त्या काळचे सेन्सर. पुढें फिरत्या वजनांनीं व हवेच्या ओढीनें ठिणगीची वेळ आपोआप बदलणारी योजना निघाली, कार्ब्युरेटर सुधारला आणि चालकाचे हात मोकळे झाले. परंतु हीं साधनें अंदाजानेंच काम करीत. थोडें पेट्रोल जास्त गेलें तर तें धुराबरोबर बाहेर पडे, आणि आकाश एवढें मोठें असतां त्याची पर्वा कोण करतो?

ती पर्वा करण्याची पाळी लॉस एंजेलिस शहरावर आली. १९४३ च्या जुलैच्या २६ तारखेस त्या शहरावर इतका दाट आणि डोळ्यांस झोंबणारा धूर उतरला कीं, शत्रूनें विषारी वायु सोडला कीं काय अशी शंका लोकांस आली. प्रथम दोष कृत्रिम रबराचा कच्चा माल करणाऱ्या एका कारखान्यास दिला गेला. पण त्याचा बंदोबस्त झाला तरी शहराचा धूर हटेना. हें कोडें आरी हागेन-स्मिट ह्या रसायनशास्त्रज्ञानें १९५० नंतरच्या थोड्याच वर्षांत सोडविलें. हे गृहस्थ मूळचे हॉलंडचे. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजींत त्यांचें संशोधन चाललें होतें अननसाच्या सुवासावर. सुवास पकडण्याच्या विद्येनेंच त्यांनीं शहराची दुर्गंध हवा पकडली, आणि असें दाखविलें कीं, मोटारींतून बाहेर पडणारें न जळलेलें पेट्रोल व नायट्रोजनचे प्राणिद ह्यांवर कडक ऊन पडलें म्हणजे त्यांपासून ओझोन आणि इतर जाचक द्रव्यें उत्पन्न होतात. हें ऐकून शहरवासीयांस सुख वाटलें नसेल. अपराधी कोणी एक कारखानदार असता तर त्याला दंड करून भागलें असतें. येथें अपराधी प्रत्येकाच्या अंगणांत उभा होता.

त्यानंतरची हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. कॅलिफोर्नियांत १९६७ सालीं वायुशुद्धीसाठीं स्वतंत्र मंडळ स्थापन झालें आणि हागेन-स्मिट हेच त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९७० च्या डिसेंबरांत अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें शुद्ध हवेचा कायदा कडक केला. मोटारींच्या धुरांतील कांहीं घातक द्रव्यें थोड्याच वर्षांत नव्वद टक्क्यांनीं उतरविलीं पाहिजेत, असा त्याचा हुकूम होता. कार्ब्युरेटरच्या अंदाजानें हें साधणें अशक्य होतें. अंदाजाच्या जागीं मोजमाप आलें, आणि मोजमापाबरोबर सेन्सर आले.

पेट्रोल विजेनें मोजून द्यावें ही कल्पना त्यापूर्वींचीच आहे. अमेरिकेंतील बेंडिक्स कंपनीची ‘इलेक्ट्रोजेक्टर’ ही योजना १९५८ च्या क्रायस्लर कंपनीच्या कांहीं गाड्यांवर बसविली गेली होती. परंतु त्या काळचीं विद्युत्साधनें इंजिनाची उष्णता व थरथराट ह्यांस टिकलीं नाहींत. त्या कल्पनेचे हक्क स्टुटगार्टच्या बॉश कंपनीनें मिळविले. रॉबर्ट बॉश ह्यांनीं आपली लहानशी कर्मशाळा १८८६ सालीं, म्हणजे बेंझ ह्यांच्या अर्जाच्याच वर्षीं, उघडली होती. १९०२ सालीं त्यांचे सहकारी गॉटलोब होनोल्ड ह्यांनीं उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्याबरोबरचा स्पार्क प्लग सिद्ध करून ठिणगीचा प्रश्न सोडविला होता. आतां त्याच घराण्याकडे पेट्रोलचा प्रश्न आला. १९६७ सालीं बॉशची ‘डी-जेट्रॉनिक’ पद्धति फोक्सवागेनच्या १६०० ह्या गाडीवर अमेरिकेसाठीं बसविली गेली. तिच्या नांवांतील ‘डी’ हें अक्षर दाब ह्या अर्थाच्या जर्मन शब्दाचें. इंजिनांत ओढल्या जाणाऱ्या हवेचा दाब मोजून ती पेट्रोल ठरवी. त्यानंतरची ‘एल-जेट्रॉनिक’ पद्धति प्रत्यक्ष हवाच मोजूं लागली. १९७६ सालीं कॅलिफोर्नियासाठींच्या व्होल्वो गाड्यांवर धुरांतील प्राणवायु चाखणारा ‘लॅम्डा सेन्सर’ आला. आणि १९७९ सालीं बॉशच्या ‘मोट्रॉनिक’ पद्धतीनें ठिणगी व पेट्रोल हीं दोन्ही खातीं एकाच विजेच्या पेटीकडे सोंपविलीं. ती पेटी प्रथम बीएमडब्ल्यू ७३२ आय ह्या गाडींत बसली.

तीन वर्षांनीं, १९८२ सालीं, पोर्शची ९४४ ही गाडी निघाली. पुढें चार सिलिंडरांचें अडीच लिटरांचें इंजिन, मागें गिअरपेटी, आणि दोहोंस जोडणारी लांब नळी, अशी तिची रचना. पोर्शचें घर स्टुटगार्टचें असलें तरी ही गाडी बहुतेक काळ नेकर नदीच्या कांठच्या नेकारझुल्म येथील कारखान्यांत जुळविली जात असे. १९९१ पर्यंत तिच्या सर्व जाति मिळून एक लक्ष साठ हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या. आमच्या विषयाच्या दृष्टीनें तिचें महत्त्व असें कीं, ती दोन युगांच्या उंबरठ्यावर उभी आहे. तिचें इंजिन पूर्णपणें सेन्सरांच्या हवालीं झालें होतें. पण ते सेन्सर अद्यापि उघड्या स्वभावाचे होते.

ते कसे तें पाहूं. क्रँकशाफ्टच्या मागील टोंकास फ्लायव्हील नांवाचें जड चाक असतें, आणि त्याच्या कडेस स्टार्टरसाठीं शंभराहून अधिक दांते असतात. ९४४ मध्यें ह्या चाकाशेजारीं दोन सेन्सर असतात. पहिला चाकाचे दांते मोजून वेग सांगतो. दुसरा चाकांत बसविलेला एक विशिष्ट स्क्रू प्रत्येक फेरींत एकदां समोरून गेला कीं तेवढीच खूण देतो, आणि त्यावरून पिस्टन कोठें आहे हें पेटीस कळतें. दोन्ही सेन्सर म्हणजे चुंबक आणि त्याभोंवतीं गुंडाळलेली तार, एवढेंच. लोखंडाचा दांता चुंबकाजवळून गेला कीं तारेंत विजेचा सूक्ष्म स्पंद उमटतो. हा नियम मायकेल फॅरडे ह्यांनीं १८३१ सालीं शोधून काढला. तिसरा सेन्सर इंजिनाच्या पाण्यांत बुडालेला असतो. तापलें कीं विजेस अधिक वाट देणारा पदार्थ त्यांत असतो. असा गुण फॅरडे ह्यांसच १८३३ सालीं चांदीच्या गंधकयुक्त संयुगांत आढळला होता. चौथा सेन्सर हवेच्या वाटेवरील एक झडप. हवा जितकी जोरानें आंत शिरेल तितकी ती अधिक उघडते आणि तिचा कांटा एका रोधक पट्टीवर सरकतो. अमेरिकेकडे जाणाऱ्या गाड्यांवर पांचवा, म्हणजे लॅम्डा सेन्सर, धुराच्या नळींत असे. त्याच्या अंगुस्तान्यासारख्या टोंकांत झिर्कोनिया असतें. बाहेरची हवा व आंतला धूर ह्यांतील प्राणवायूंत जसें अंतर पडतें तसा त्यांत विजेचा दाब उत्पन्न होतो, आणि त्याचा हिशेब वाल्थर नेर्न्स्ट ह्यांनीं १८८९ सालीं मांडलेल्या सूत्रानें करतां येतो. ह्याच नेर्न्स्टांनीं पुढें झिर्कोनियाच्या कांडीचा दिवा केला होता. टर्बो जातीच्या ९४४ ला तर सहावें इंद्रियहि मिळालें. इंजिनाचे ठोके ऐकणारा हा सेन्सर क्युरी बंधूंनीं १८८० सालीं शोधलेल्या स्फटिकांच्या गुणावर चालतो. मॉडेल टी चालविणाऱ्याचा कान शेवटीं इंजिनाच्या अंगावर जाऊन बसला, तो असा.

वाचकांनीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी. ह्यांतील प्रत्येक इंद्रियाची भाषा एकतर विजेचा दाब अथवा विजेस होणारा रोध ही आहे. आणि दोन्ही गोष्टी बाजारांत अल्प किमतीस मिळणाऱ्या मीटरनें कोणासहि मोजतां येतात. विजेमुळें यंत्र मालकास परकें झालें असें जें म्हणतात, तें निदान ह्या गाडीस लागू नाहीं.

अर्थात् मीटर असला म्हणजे विद्या आली असें नव्हे. ती विद्या घरोघर पोहोंचविण्याचें श्रेय ज्यांस दिलें पाहिजे त्यांत इंग्लंडचे जॉन हेन्स हे प्रमुख होत. शाळेंत असतांनाच, १९५६ सालीं, त्यांनीं जुन्या ऑस्टिन सेव्हनपासून छोटी स्पोर्ट्स गाडी कशी करावी ह्यावर एक पुस्तिका काढली. पुढें विमानदलाच्या नोकरींत एडन येथें असतां एका मित्राच्या ऑस्टिन-हीली स्प्राइट गाडीचें इंजिन त्यांनीं खोलून पुन्हां जुळविलें. कंपनीचें पुस्तक सामान्य माणसास निरुपयोगी आहे असें पाहून प्रत्येक पायरीचीं छायाचित्रें घेतलीं. आणि १९६६ सालीं त्या गाडीचें दुरुस्ती-पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांच्या पुस्तकांचा नियम असा कीं, लेखकानें गाडी स्वतः सुटी करावी, स्वतः जुळवावी, आणि मगच लिहावें. असा नियम इतर ग्रंथकारांनीं पाळला असता तर पुष्कळ ग्रंथ लिहिलेच गेले नसते. ९४४ वरहि हेन्स ह्यांच्या संस्थेचें पुस्तक आहे.

तें पुस्तक उघडून बसलेले आमचे एक स्नेही अनेक वर्षें स्टुटगार्ट येथें राहतात. मुंबई व स्टुटगार्ट हीं १९६८ पासून भगिनी-शहरें आहेत, त्यामुळें आपलें येथील वास्तव्य हा दोन बहिणींच्या घरांतील येण्याजाण्याचा प्रकार आहे, असें ते थट्टेनें म्हणतात. त्यांच्याजवळ १९८६ सालची एक ९४४ आहे. गेल्या शरद् ऋतूंत आम्ही त्यांच्याकडे पाहुणे असतां त्यांनीं तिचे फ्लायव्हीलजवळचे दोन्ही सेन्सर आणि पाण्याच्या उष्णतामानाचा सेन्सर बदलावयास घेतले. गाडी बंद पडली होती म्हणून नव्हे. जवळजवळ चाळीस वर्षें इंजिनाच्या धगींत राहिलेलें प्लास्टिक केव्हां तडकेल ह्याचा नेम नसतो, आणि तें रात्रीं आडरस्त्यावर कळण्यापेक्षां घरीं कळलेलें बरें, असा त्यांचा हिशेब होता. घरांत मात्र ह्या हिशेबास मान्यता नव्हती. “चालत्या गाडीस हात लावूं नये, आणि लावून ती बिघडली तर ती विकून टाकावी,” असें वहिनींनीं स्वच्छ सांगितलें होतें, व स्नेह्यांनीं तें कबूलहि केलें होतें.

शनिवारीं सकाळीं कामास आरंभ झाला. प्रथम बॅटरीची तार सोडविली. उष्णतामानाचा सेन्सर थंड इंजिनावरच काढावयाचा असतो. तो निघतांच थोडें पाणी सांडतें. हें पाणी साधें नसून त्यांत गोठण्याविरुद्धचें द्रव्य असतें. तें चवीला गोड आणि विषारी असल्यामुळें कुत्र्या-मांजरांस त्यापासून जपावें लागतें. नवा सेन्सर बसविण्यापूर्वीं स्नेह्यांनीं तो तारेनें बांधून स्वयंपाकघरांतील पातेल्यांत सोडला आणि मीटर जोडला. पाणी वीस अंशांवर असतां मीटर अडीच हजार ओहमच्या आसपास होता. ऐंशी अंशांवर तो तीनशेंच्या घरांत उतरला. पुस्तकांतील आंकडे डोळ्यांसमोर खरे होतांना पाहून आम्हांस शाळेंतील प्रयोगशाळेचें स्मरण झालें. वहिनींस पातेल्याचें स्मरण झालें, तें निराळें.

फ्लायव्हीलजवळचे सेन्सर हें खरें कठीण काम. ते इंजिनाच्या अगदीं मागें, प्रवाशांच्या कप्प्याच्या भिंतीजवळ, एका पट्टीवर बसलेले असतात. तेथें दृष्टि पोहोंचत नाहीं आणि हात जेमतेम पोहोंचतो. प्रत्येक सेन्सर एकाच षट्कोनी खांचेच्या स्क्रूनें धरलेला असतो. गंजामुळें तो घट्ट झालेला असतां जोर केला तर त्याची खांच झिजते आणि काम दसपट वाढतें. म्हणून आदल्या रात्रींच तेथें गंज सोडविणारें तेल घातलेलें होतें. सेन्सरचें टोंक व फ्लायव्हील ह्यांतील अंतर सुमारें ०.८ मिलिमीटर असावें लागतें. तें अधिक झालें तर स्पंद क्षीण होतो; फारच कमी झालें तर चाक सेन्सरास घासूं लागतें. पट्टी हलवावी लागली तर घरगुती कारागीर एक युक्ति करतात. जुन्या सेन्सरच्या टोंकास तेवढ्याच जाडीचा वॉशर चिकटवावा, तो चाकास टेंकेल अशी पट्टी आवळावी, आणि मग जुना काढून त्या जागीं नवा बसवावा. वॉशरची जाडी हेंच अंतर. ही युक्ति एकाकडून दुसऱ्याकडे पसरत गेलेली आहे. तिचा कर्ता कोण हें विचारण्याचें कारणहि कोणास पडलें नसावें.

संध्याकाळीं सर्व जुळलें आणि किल्ली फिरविली. स्टार्टर फिरला, इंजिन मात्र पेटेना. पुन्हां फिरविली, पुन्हां तेंच. वहिनी दारापर्यंत आल्या, कांहीं न बोलतां परत गेल्या. त्या न बोलण्याचा अर्थ आम्हां दोघांसहि कळला.

रविवारीं त्या देशांत ठोकपीट करण्यास मनाई असते. पण विचार करण्यास नसते. स्नेह्यांनीं पुस्तक घेतलें, आणि पाना न उचलतां एकेक शंका खोडून काढली. दोन्ही नव्या सेन्सरांचा रोध मीटरनें पाहिला, तर तो योग्य मर्यादेंत आणि दोहोंचा जवळजवळ सारखा. येथेंच उकल होती. दोन्ही सेन्सर एकाच घडणीचे, त्यांचे कनेक्टरहि एकाच आकाराचे. कोणता कोठें लावावा हें सांगणाऱ्या दोन खुणा मूळच्या तारांवर असतात. ‘डीजी’ म्हणजे वेग, ‘बीजी’ म्हणजे स्थानाची खूण. पण ह्या गाडीवरील अक्षरें केव्हांच पुसून गेलीं होतीं, आणि ओळखीसाठीं बांधलेला तांबडा दोरा काम करतांना गळून पडला होता. स्नेह्यांनीं सेन्सरापासून कनेक्टरापर्यंत तारेवरून बोट फिरवीत नेलें. तारा अदलाबदल झाल्या होत्या. वेग सांगणारा स्थान सांगत होता, स्थान सांगणारा वेग, आणि बिचारी पेटी दोघांवरहि विश्वास न ठेवतां गप्प बसली होती. कनेक्टर बदलून किल्ली फिरविली, तों पहिल्याच फेऱ्यांत इंजिन पेटलें. स्वयंपाकघराची खिडकी उघडली गेली, वहिनी म्हणाल्या, “आतां तें पातेलें घासून द्या.” गाडी विकण्याचा विषय त्या दिवशीं पुन्हां निघाला नाहीं.

ही हकीकत सांगण्यांत आमचा उद्देश स्नेह्यांची स्तुति करण्याचा नाहीं. चूक त्यांचीच होती, आणि ती त्यांस शोधतां आली ह्याचें कारण यंत्रानें आपलें अंतरंग त्यांच्यापासून लपविलें नव्हतें. आज हें सर्वच यंत्रांविषयीं म्हणतां येत नाहीं. गाडीनें आपला दोष आपण ओळखून दिवा लावावा, असा नियम कॅलिफोर्नियानें १९८८ च्या गाड्यांपासून केला. १९९६ पासून अमेरिकेंतील सर्व नव्या मोटारींस निदानाची एकाच आकाराची जोडणी सक्तीची झाली. हे कायदे हवेसाठीं होते, तरी त्यांनीं दुरुस्तीची वाट उलट रुंद केली. कारण दोषाचा आंकडा कोणासहि वाचतां येऊं लागला. वाट अरुंद झाली ती पुढें, जेव्हां कांहीं सुटे भाग गाडीस ओळखीचे करून देण्यासाठीं उत्पादकाचीच गुप्त आज्ञावली लागूं लागली. तार तीच, चुंबक तोच. फक्त त्यावर कुलूप आलें. म्हणजे मालकास परकें केलें तें विजेनें नव्हे, तर गुप्ततेनें.

ह्याविरुद्ध लोकांनीं कायद्याचा आश्रय घेतला. मॅसॅच्युसेट्स राज्यांतील मतदारांनीं २०१२ सालीं मोठ्या बहुमतानें असें ठरविलें कीं, उत्पादक आपल्या अधिकृत दुकानांस दुरुस्तीची जी माहिती देतात ती मालकांस व इतर कारागिरांसहि मिळाली पाहिजे. २०१५ सालीं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें स्वतःच्या वाहनाच्या आज्ञावलीचें कुलूप दुरुस्तीसाठीं उघडणें हा स्वामित्वहक्काचा भंग नव्हे, अशी सवलत दिली. आपल्याकडेहि केंद्र सरकारच्या ग्राहक-व्यवहार विभागानें २०२२ सालीं दुरुस्तीच्या हक्कासाठीं समिति नेमली, आणि मोटारी हा तिच्या विषयांपैकीं एक होता. ही चर्चा आपणांस दूरची नाहीं. १९९५ च्या एप्रिलपासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींस धूर शुद्ध करणारें साधन सक्तीचें झालें. आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आल्यावर बहुतेक नव्या स्कूटरी व मोटारसायकलीहि सेन्सरांवरच चालूं लागल्या. नाक्यावरच्या मिस्त्रीचें पोट उद्यां त्या सेन्सरांची भाषा त्यास वाचूं दिली जाते कीं नाहीं, ह्यावर अवलंबून राहणार आहे.

प्रतिपक्षाचें म्हणणेंहि ऐकलें पाहिजे. ब्रेक व सुरक्षा-साधनें अडाणी हातीं गेलीं तर जीव जातील; धूर शुद्ध करणारें साधन कोणी काढून टाकलें तर सर्वांच्या हवेचें नुकसान होईल, असें उत्पादक म्हणतात. ह्यांत तथ्य आहे. ज्या हवेसाठीं सेन्सर जन्मास आले तिलाच विसरून त्यांस फसविण्याचा हक्क आम्ही कोणासाठींहि मागत नाहीं. परंतु २०१५ सालीं उघडकीस आलेला फसवणुकीचा सर्वांत मोठा प्रकार घरगुती कारागिरांचा नव्हता. फोक्सवागेन कंपनीनें आपल्या डिझेल मोटारींच्या आज्ञावलींतच अशी योजना केली होती कीं, परीक्षा चालूं आहे हें ओळखून धूर तेवढ्यापुरता सभ्य व्हावा. तो प्रकार उघड होण्यास कारण झालें एका विद्यापीठांतील संशोधकांनीं प्रत्यक्ष रस्त्यावर घेतलेलें मोजमाप. तेव्हां कुलूप हें प्रामाणिकपणाचें साधन होऊं शकत नाहीं, मोजमाप होऊं शकतें. जर्मनींत खासगी मोटारींस साधारणतः दर दोन वर्षांनीं तपासणी द्यावी लागते आणि तींत धूरहि तपासला जातो. आमच्या स्नेह्यांची गाडीहि त्यांतून सुटत नाहीं. दुरुस्ती कोणींहि करावी, परीक्षा समाजानें घ्यावी, ही व्यवस्था आम्हांस न्याय्य वाटते.

असो. रविवारीं रात्रीं स्नेह्यांनीं गाडीच्या कप्प्यांतून एक जुनी वही काढली. गाडीच्या पहिल्या मालकानें ती सुरू केली होती. जर्मन अक्षरांत तेल, पट्टे, टायर ह्यांच्या तारखा लिहिल्या होत्या. त्यांखालीं स्नेह्यांनीं तारीख घातली, तिन्ही सेन्सरांचे रोध लिहिले, ०.८ मिलिमीटर हें अंतर लिहिलें, आणि कोणती तार कोठें जाते ह्याची एक लहान आकृति काढली. ही गाडी पुढें कोणाकडे जाईल हें त्यांस ठाऊक नाहीं. पण ती ज्याच्याकडे जाईल त्याला तांबडा दोरा शोधावा लागूं नये, असें ते म्हणाले, आणि वही जागच्या जागीं ठेवून दिली.